जोधपूरच्या घरात वाळवी, आणि भिंतीलगत पिण्याच्या पाण्याचं टाकं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी घरात आलं, भिंतींत ओल मुरली आणि मागोमाग वाळवी लागली. म्हणून आईनं तिच्या लग्नातलं सागवानी कपाट जोधपूरला आक्काकडे धाडलं. वाळवंटात कसली वाळवी, असंच सगळे धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात दाजींनी कपाट सरकवलं. सागाला काही झालेलं नाही, पण मागची साध्या लाकडाची फळी आतून पोकळ. भिंतीवरून मातीच्या नळ्या थेट कपाटापर्यंत. आईला अजून सांगितलेलं नाही.

नळ्या आहेत म्हणजे ही जमिनीतूनच येतेय. कोरड्या लाकडात राहणारी असती तर नळ्यांऐवजी खाली खसखशीसारखे दाणे पडले असते. तिकडे वरची माती भाजून निघाली तरी वाळवी खोल ओलीत तगते, आणि घराच्या पायाशी पाणी मिळालं की वर चढते. आक्काच्या खिडकीतला कूलर उन्हाळाभर त्याच भिंतीच्या बुडात गळतोय.

खरी अडचण पुढे आहे. त्या भिंतीपासून चार फुटांवर जमिनीखालचं टाकं आहे, तिकडे टांका म्हणतात. घर तेच पाणी पितं. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, फरशी आणि भिंतीच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून क्लोरपायरीफॉस सोडू, टाक्याच्या बाजूलाही. पद्धत आम्हाला नवी नाही. पुरानंतर इथेही तशीच केली होती, भोकामागे लिटरभर द्रावण आणि वरून सिमेंट. पण टाक्याला बारीक भेग असली तर ते विष पाण्यात उतरणार. घरात सहा वर्षांची भाची आहे.

ती एक बाजू सोडून बाकीच्या तीन केल्या तर उपयोग होईल का? शेजारच्या आजोबांनी चुन्यात मोरचूद घालून भिंत रंगवायला सांगितलंय, जोधपूरच्या जुन्या निळ्या घरांसारखी. जमिनीतल्या वाळवीला ते पुरतं का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
ताई, टाक्याच्या बाजूला भोकं नकोतच, तुमची भीती रास्त आहे. आधी कूलर तिथून हलवा आणि टाकं रिकामं करून आतून भेगा तपासून घ्या. ओल तुटली की वाळवीचा निम्मा जोर जातो. तीन बाजू करून चौथी मोकळी ठेवली तर ती तिथूनच येणार, म्हणून त्या बाजूला आमिषाचे डबे लावणारा माणूस शोधा. डब्यात कात अडवणारं औषध घातलेलं खाद्य असतं. कामकरी वाळवी ते खाऊन वारुळात वाटते, मग वाळवीला कात टाकता येत नाही आणि वसाहत हळूहळू संपते. महिने लागतात, घाई करू नका. मोरचूद भिंतीच्या वरवर राहतं, वाळवी आतल्या फटीतून चढते. कपाटाची फळी बदला, नव्या फळीला बोरॅक्सचं द्रावण पाजा. कपाट दगडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, म्हणजे नळी उठली तर लगेच दिसेल.

धागाकर्ती:
मनापासून आभार. दाजींनी आजच कूलर काढला. टाकं रविवारी उपसणार आहेत, भेग निघाली तर फोटो टाकते. जोधपूरकडे आमिषाचे डबे लावून देणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा.