मदत हवी आहे: 'कोषागारातून बोलतोय' म्हणणाऱ्याला वडिलांनी आधार, पॅन, कार्डाचा नंबर सगळं सांगितलं

नमस्कार. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, वय ७४. आई आणि ते वाईजवळ गावी असतात, मी ठाण्यात. आज दुपारी त्यांना फोन आला. "काका, कोषागारातून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला सिस्टीमला दिसत नाहीये, पेन्शन थांबेल." नोव्हेंबर म्हणजे दाखल्याचाच महिना. त्यात त्या माणसाला अण्णांचं पूर्ण नाव, कुठल्या ऑफिसातून आणि कुठल्या साली निवृत्त झाले हेही ठाऊक. बोलणं इतकं अदबीचं की संशय घ्यायचीच अण्णांना लाज वाटली असावी.

अण्णांना सगळं कॅलेंडरवर लिहायची सवय आहे. दूध, गॅस, बीपीची गोळी, सगळं तिथेच. आईने त्या पानाचा फोटो पाठवला. १७ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात वेळ २.१०, फोन करणाऱ्याचा नंबर आणि खाली आधार, पॅन, जन्मतारीख, खाते क्र., एटीएम कार्डाचे १६ आकडे, मुदत. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. शेवटी 'ओटीपी' लिहिलंय, पण त्यापुढे खूण नाही. ओटीपी आला तेव्हा आईने चष्मा लावून मेसेज पूर्ण वाचला. 'कोणालाही सांगू नका' दिसल्यावर तिने अण्णांच्या हातातून फोन घेऊन बंद केला.

पैसे गेलेले नाहीत. पासबुकावरच्या नंबरवर फोन करून कार्ड ब्लॉक केलंय. उद्या पहाटेच्या एसटीने मी निघतेय.

खातं बंद करून नवीन काढायचं का? पण पेन्शन त्याच खात्यात येते, ऐन नोव्हेंबरात खातं बदलायचं म्हणजे कागदपत्रांचं सगळं पहिल्यापासून. आधार-पॅनवर कोणी कर्ज उचलू शकतं का? आणि पैसे गेलेच नसतील तर तक्रार कुठे करायची? अण्णा जेवले नाहीत. मीही फोनवर त्यांना नको ते बोलले. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद, निवृत्त_शाखाधिकारी:

ताई, कार्ड लगेच ब्लॉक केलंत हे फार बरं झालं. कार्डाचे आकडे, मुदत आणि ओटीपी हातात आले की काही बँकांत नेटबँकिंग चालू करता येऊ शकतं. तो त्याच वाटेने निघाला होता. आईंनी वेळेवर थांबवलं.

खातं बंद करू नका. नुसत्या खाते क्रमांकावर पैसे निघत नाहीत, तो तर प्रत्येक चेकवर छापलेला असतो. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि 'डेबिट फ्रीझ' मागा. म्हणजे पेन्शन जमा होत राहील, बाहेर काही जाणार नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, ग्राहकाने माहिती सांगून टाकली असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. तो शिक्का जपून ठेवा. त्याच फेरीत शाखेतल्या पेन्शनरांच्या यादीवर अण्णांची हयातीची सही करून टाका, तो विषयच मिटेल.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आधारच्या अधिकृत ॲपवरून होतं. नाहीतर बोटांच्या ठशांवर पैसे काढायची वाट उघडी राहते. पुढे कधी ठसा द्यायचा झाला तर थोड्या वेळापुरतं उघडता येतं. पॅनसाठी सिबिलचा (कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) अहवाल काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. अनोळखी कर्जाची चौकशी दिसली तर लगेच हरकत नोंदवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर अण्णांच्या नावावर किती सिम आहेत तेही कळतं. पैसे गेले नसतील तरी असा फोन तिथेच फसवे फोन कळवायच्या 'चक्षु' विभागात नोंदवता येतो. पैसे गेले तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आता महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर काही 'फॉर्म' आला होता का, विचारा. पण जवळ बसून, शांतपणे विचारा. रागावलं की वडीलधारी माणसं अर्धंच सांगतात. काउंटरवर असताना मी हे फार पाहिलंय.

धागा लिहिणारी:

तुमचे किती आभार मानू. आज सकाळी पोचले. चहा झाल्यावर विचारलं, तर अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एक फॉर्म उघडला होता गं, पण तो रिकामाच निघाला." बघितलं तर एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी. ॲप म्हणून बसलेली, मेसेज वाचायची परवानगी दिलेली. म्हणजे ओटीपी तोंडी सांगायची त्याला गरजच नव्हती! माझ्या हाताला कापरं भरलं.

फोन विमान मोडवर टाकला, स्क्रीनचे फोटो माझ्या मोबाइलने काढून घेतले. सिम काढून आईच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं, म्हणजे पुढचे ओटीपी तरी तिथे येतील. त्यावरून ##००२# लावून सगळं कॉल फॉरवर्डिंग बंद केलं. गुगलचा पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला. दुकानदाराने नातवंडांचे फोटो उतरवून घेऊन अण्णांचा मोबाइल पूर्ण रीसेट केला. मग शाखेत अर्ज, शिक्का, यादीवर सही. खात्यातली रक्कम जशीच्या तशी आहे. बायोमेट्रिक लॉक संध्याकाळी केलं, बटणांच्या फोनवर आलेल्या ओटीपीने.

दुपारी पुन्हा फोन आला. या वेळी 'सायबर शाखेतून', तक्रार नोंदवायला ५०० रुपये भरा म्हणे. अण्णांनी काही न बोलता फोन माझ्याकडे दिला आणि कॅलेंडरवर वेळ लिहिली.

एक विचारायचं राहिलं. आईच्या खात्यालाही हाच मोबाइल नंबर जोडलेला आहे. तिने काहीच सांगितलेलं नाही, तरी तिचंही कार्ड बंद करायचं का?

निवृत्त_शाखाधिकारी:

हो. तो मोबाइल अख्खा दिवस त्या भामट्यांच्या ताब्यात होता, तिचे मेसेजही त्यांनी वाचले असणार. कार्ड आत्ताच फोनवरून ब्लॉक करा, यूपीआयही थांबवायला सांगा. उद्या शाखा उघडल्याबरोबर तिचाही अर्ज द्या. निघायची घाई करू नका, एक दिवस जास्त राहा.