मदत हवी आहे: बाबांचा जनुकीय रिपोर्ट आलाय, गोळी बंद करू का?

रानजाई: सीवायपी२सी१९ स्टार २/स्टार २, खाली 'पुअर मेटाबोलायझर' लिहिलंय. डॉक्टर परगावी आहेत. रात्रीची गोळी द्यायची की नाही? लवकर सांगा.

कोयनाकाठ: कुठली गोळी? कशासाठी? वय?

रानजाई: क्लोपिडोग्रेल, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून, ॲस्पिरिनबरोबर. वय ६४. स्ट्रोक आलाय हो, गुठळीचा.

खलबत्ता: मनाने काहीही बंद करू नका. क्लोपिडोग्रेल मुख्यतः यकृतातल्या सीवायपी२सी१९ या एन्झाइममुळे कामाला लागते, आणि ते बनवणाऱ्या जीनचाच हा रिपोर्ट आहे. आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी असतील (स्टार २/स्टार २, 'पुअर मेटाबोलायझर' म्हणजे तेच), तर परिणाम बराच कमी होतो. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१० मध्येच तसा चौकटीतला इशारा दिला. आपल्या लोकांत हा प्रकार युरोपीयांपेक्षा जास्त सापडतो. ॲस्पिरिनला मात्र याची बाधा नाही. स्ट्रोक कधी आला? मोठा होता?

सदाफुली: आधी रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल तपासा! माझ्या भावाच्या ते वाढवणाऱ्या एमटीएचएफआर जीनमध्ये दोष निघाला. बी१२ आणि फॉलिक ॲसिड सुरू केलं, आज ठणठणीत आहे.

खलबत्ता: ताई, स्ट्रोक येऊन गेलेल्यांवर जीवनसत्त्वांची मोठी चाचणी झाली होती, व्हिस्प, २००४. होमोसिस्टीन उतरलं, पुढचे स्ट्रोक कमी झाले नाहीत.

सदाफुली: त्या चाचणीतले लोक आपल्यासारखे शाकाहारी होते का? इथे बी१२ची कमतरता घरोघरी आहे.

कोयनाकाठ: त्यावर वेगळा धागा काढा. रानजाई, टिकाग्रेलोर या पर्यायी गोळीबद्दल विचारा. चीनमधल्या चान्स-२ चाचणीत (२०२१) असाच जनुकीय दोष असलेले ६,४१२ रुग्ण होते. ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक क्लोपिडोग्रेलवर ७.६ टक्के, टिकाग्रेलोरवर ६ टक्के.

खलबत्ता: रक्तस्रावही सांगा की, क्लोपिडोग्रेलवर २.५, टिकाग्रेलोरवर ५.३ टक्के. आणि तिथे किरकोळ स्ट्रोक किंवा टीआयए (थोड्या वेळात बरा होणारा झटका) एवढाच होता, औषधही २४ तासांच्या आत सुरू केलं होतं. सरसकट लागू करू नका.

रानजाई: मागच्या आठवड्यात, किरकोळच. हात जड झाला, आता उचलतात. बाकी फक्त बीपीची आणि ॲसिडिटीची नेहमीची ओमेप्राझोल.

खलबत्ता: ओमेप्राझोल! तीही याच एन्झाइमला अडवते. हॉस्पिटलला आत्ता फोन लावा, ड्युटीवरच्या न्यूरोच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. ते सांगतील तोवर रात्रीचा डोस चुकवू नका.

माळरान: वडिलांना असेल तर मुलांनाही स्ट्रोक येणार का?

कोयनाकाठ: एक प्रत प्रत्येक मुलाकडे येणारच. पण हा जीन स्ट्रोक आणत नाही, गोळीचा परिणाम ठरवतो. रानजाई, होल्टर (दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र) लावला होता का? एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, निघालं तर औषधच वेगळं लागेल.

रानजाई: नाही लावला. फोन लागलाय, विचारते.