मनाच्या गोळ्या चालू केल्यावर काय काय झालं? तुमचा अनुभव लिहा

धागा सुरू करणारी (दारव्हा तालुका)

आमच्या भागात 'त्यानं औषध घेतलं' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबतं. औषध म्हणजे फवारणीचं, आणि घेतलं म्हणजे माणूस गेला. म्हणून डिप्रेशनचा इलाज चालू असलेले लोक 'माझी गोळी चालू आहे' एवढंच म्हणतात. कशाची, ते सांगत नाहीत. ऐकणारा बीपीची समजतो. मी स्वतः दीड वर्ष अशी बीपीची पेशंट होते.

मला एस्सिटालोप्राम दिलं होतं. डॉक्टर चांगले, पण बाहेर केसपेपर घेऊन ही रांग. 'अर्धीपासून सुरू करा, पंधरा दिवसांनी या' यावर आटोपलं. तिसऱ्या दिवशी पोटात असं ढवळायला लागलं की फोडणीचा वास आला तरी ओट्यापासून पळायची. जबडा आवळल्यासारखा. आणि जांभया! शाळेत पाढे घेताना एकामागे एक, पोरं हसायची. झोप आधीच नव्हती, ती आणखी उडाली. मला वाटलं गोळी मानवत नाही, आता जास्तच बिघडणार. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली. दहाव्या-बाराव्या दिवशी मळमळ गेली. पण मन? जसंच्या तसं. त्रास पहिल्या आठवड्यापासून आणि फायदा चौथ्या आठवड्याला, हा या गोळीचा उलटा हिशेब आधी कोणी सांगितला असता तर मी तीनदा पत्ता फेकायला उठले नसते.

फायदा झाला हे कळलं कसं, तर एका सकाळी मी दूधवाल्याशी भांडले. पाणी घालतो म्हणून. तो घालतच होता, वर्षभरापासून. मला तेवढे दिवस त्याचं काही वाटलंच नव्हतं.

तुमचं लिहा. डॉक्टरचं, दवाखान्याचं नाव नको. दुसऱ्याला किती मिलिग्रॅम घ्यायची ते सांगू नका. वाचताना कोणाला जीव नकोसा होत असेल तर सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, रात्री-बेरात्री कधीही लावा, मराठीत बोलतात.

वावरवाला (घाटंजीकडचा)

मी बोलतो तसं लिहून रायलो, समजून घ्या. वय ४६. साडेपाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कापूस) आन् तूर. मले डिप्रेशन हाय हे मलेच माहीत नव्हतं. मले वाटे कमजोरी हाय. हातपाय गळून जायचे, पहाटे तीनले डोया उघडला की मंग पंख्याकडं पाहत पडून रायचं. दोन वर्षं सलाईनी लावल्या. बाटली चढली की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी तेच. मंग आशाताई प्रेरणा प्रकल्पाचा, म्हंजे शेतकऱ्याच्या मनाच्या इलाजाच्या सरकारी योजनेचा, फॉर्म घेऊन आली. झोप येते का, जेवन जाते का, आन् जगू नये असं वाटलं का कधी. शेवटच्या प्रश्नाले मी काही बोललो नाही. तिनं पेन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनंच सिव्हिलले नेलं.

पहिले अमिट्रिप्टिलिन देल्लं, रात्रीचं. झोप अशी लागली की दोन वर्षांची उधारी फिटली. पण सकाऊन आठले बी डोये उघडत नव्हते. तोंड इतकं कोरडं की भाकरीचा घास पान्याशिवाय उतरत नव्हता, संडासले खडा, खाटेवरून एकदम उठलो की अंधारी. एक दिवस पाठीवर फवाऱ्याचा पंप, धुऱ्यावर जरासा टेकलो तर डुलकी लागली. नोझल हातातच. बायकोनं पंप हिसकून घेतला. हे डॉक्टरले सांगतलं तं त्याहीनं गोळी बदलवली, पॅरॉक्सेटिन देल्लं, आन् म्हणे हे आधीच काहून नाही सांगतलं. आता आपल्याले काय माहीत, त्रास सांगायचा असते म्हणून. आपल्याले वाटते डॉक्टरले राग येईन.

एक गोष्ट त्याहीनं मले नाही, बायकोले सांगतली. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. गोळीनं कधीकधी आंगात जोर आधी येते, मन मागून सुधरते, तो मधला काळ जपा. आमच्या घरी डबा माजघरात, मिठाच्या बरनीच्या बाजूले रायत होता. तिनं तो माझ्या साळ्याच्या कोठ्यात नेऊन कुलूप लावलं. फवारनी असली की साळा डबा घेऊन ये, उरलेलं वापस नेये. मले तेव्हा लय राग आला होता. आता नाही येत.

मंग चूक केली ते सांगतो. दिवाळीनंतर वेचणीची घाई, मजूर भेटत नव्हते, गोळ्या सरल्या. बरं बी वाटत होतं. म्हटलं जाऊ दे. तिसऱ्या दिवशी मान फिरवली की डोक्यात झटका. मोटारीच्या पेटीले ओला हात लागल्यावर लागते ना, तसा. दुखत नाही पण जीव दचकते. चक्कर, घाम, भलतेसलते सपनं. लोक म्हणे पाहा, सवय लागली. डॉक्टर म्हणे ही नशा नोहे, शरीराले तिची घडी बसली हाय, ते एकदम मोडू नका. पुन्हा सुरू केली, बरं वाटल्यावर बी सहा महिने चालू ठेवली, मंग दोन-अडीच महिन्यांत उतरवत उतरवत बंद केली. झटके नाही आले.

मेडिकलवाला (तालुक्याचं गाव)

वावरवाल्या भाऊंनी लिहिलं ते शंभर टक्के खरं. काउंटरच्या या बाजूनं थोडं सांगतो.

माझ्याकडं येणारे बरेच जण चिठ्ठी दाखवत नाहीत, फक्त पत्त्याचा कापलेला तुकडा दाखवतात. 'हीच द्या'. त्यात पुष्कळदा जोडगोळी असते, एकाच गोळीत एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम. पेशंटला पत्ताच नसतो की आपण दोन औषधं घेत आहोत. सुरुवातीचे काही आठवडे घालमेल कमी व्हावी, झोप लागावी म्हणून डॉक्टर क्लोनाझेपाम देतात आणि नंतर काढतात. पण माणूस डॉक्टरकडं परत जातच नाही, तुकडा घेऊन माझ्याकडं येतो, वर्ष वर्ष. सवय लागते ती या दुसऱ्या औषधाची. आणि खूप दिवसांनी ते एकदम तोडलं तर फिटसुद्धा येऊ शकते. पत्त्यामागची बारीक अक्षरं पोराकडून वाचून घ्या.

दुसरं, सोयाबीन कापणीत कंबर धरली म्हणून लोक डायक्लोफेनॅक सर्रास नेतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालाईन, फ्लुऑक्सेटिन या घराण्यातल्या गोळ्यांबरोबर ती रोज घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. दुखण्यावरचीच ट्रामाडॉल तर विचारल्याशिवाय नकोच. दुकानदाराला सांगा ना की दुसरी गोळी चालू आहे. आम्ही काय गावभर दवंडी देतो? (देणारेही आहेत, मान्य. मी स्वतः पेपरात गुंडाळून देतो.)

जवळ जनऔषधी केंद्र असेल तर तिथं याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. माझा धंदा बुडाला तरी सांगतो.

एक विचारतो

सर्ट्रालाईन चालू होऊन तीन महिने झाले. मन चांगलं आहे, कामाला जातो. पण नवरा-बायकोच्या संबंधात फरक पडला. इच्छा कमी, आणि फार वेळ लागतो. डॉक्टर बाई आहेत. कसं सांगू?

मेडिकलवाला

जसं इथं लिहिलं तसंच कागदावर लिहून द्या. या गोळ्यांनी असं बऱ्याच जणांना होतं, त्यांना नवीन नाही. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. आपल्या मनानं बंद करू नका, आणि बायकोला सांगा की हे गोळीमुळं आहे. तिला भलतंच काही वाटत असेल.

धानाच्या गावची (भंडारा जिल्हा)

मी रोवणीच्या दिवसांत बाळंत झाले. घरचे सगळे बांधीत, मी आणि बाळ घरात. दीड महिन्यानंतर बाळ रडलं की मला उठावंसंच वाटेना. दूध पाजताना भिंतीकडं बघत बसायची. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं आहे, उतारा टाकला, अंगारा लावला. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या वेळी हेच होतं.

सर्ट्रालाईन सुरू करताना पहिला प्रश्न दुधाचाच. डॉक्टर म्हणाले, अंगावर पाजणाऱ्या आईला बहुतेक वेळा हीच देतो, दुधात फार थोडी उतरते, फक्त बाळ नीट पितं का, फार झोपतं किंवा फार किरकिरतं का, ते पाहत राहा. सासूबाईंनी ते ऐकलं आणि 'फार' हा शब्द धरून बसल्या. बाळ शिंकलं तरी गोळीमुळं. गोळी गरम पडते म्हणून मला रोज ताक. मला पहिले आठ दिवस पातळ संडास आणि डोकेदुखी होती, त्यात ते ताक बरंच वाटलं म्हणा.

पाचव्या आठवड्यात मी बाळाला मालिश करताना गुणगुणत होते, हे मला नाही, सासूबाईंना कळलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मंडईला (आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा) पाहुणे आले, नाटकाची रात्र, घरात ही गर्दी, त्यात मी गोळी विसरले. तर पाहुण्यांसमोर मोठ्यानं विचारतात, 'सूनबाई, गोळी घेतली का?' लाजून मेले. पण घेतली.

एमपीएससीवाला

वय २१, अमरावतीत खोलीवर. फ्लुऑक्सेटिन. पहिल्या आठवड्यात बसवत नव्हतं, खोलीतल्या खोलीत चकरा, छातीत धडधड, आणि जे विचार आधी अधूनमधून यायचे ते जास्त यायला लागले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पंचविशीच्या आतल्या पोरांमध्ये सुरुवातीला असं होऊ शकतं, झालं तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. बाबांनाही गावाहून बोलावून समोर बसवून सांगितलं होतं. बाबा माझ्या खोलीवर पंधरा दिवस राहिले. दिवसभर करायला काही नाही, म्हणून माझी चालू घडामोडींची पुस्तकं वाचायचे आणि रात्री मलाच प्रश्न विचारायचे. डोस कमी करून हळू वाढवला. तिसऱ्या आठवड्यात शांत झालो. बाबा गेले तेव्हा माझ्यापेक्षा त्यांचा अभ्यास जास्त झाला होता.

मोठी बहीण (बुलढाणा)

सगळ्यांनाच ही गोळी एकटी चालत नाही, म्हणून लिहिते. भावाला उदासी म्हणून गोळी दिली. तीन आठवड्यांत तो बरा नाही, फारच बरा झाला. दोन तास झोपायचा, पहाटे सारं गाव उठवायचा. पोळ्याला बैलांना अशी झूल आणली की पाटलाच्या बैलांनीही मान खाली घालावी, तीही उधारीवर. आम्हाला आधी आनंदच झाला, पोरगा हसतो-बोलतो म्हणून. मग विहिरीच्या इंजिनाचा सौदा करून आला तेव्हा डोळे उघडले. त्याचा आजार बायपोलर निघाला, म्हणजे कधी उदासी तर कधी असा भलता जोश. डॉक्टर म्हणाले आधी कधी असा जोशाचा काळ आला होता का, हे तुम्ही सांगायला हवं होतं. आला होता, बारावीनंतर. पण आम्ही त्याला आजार कुठं समजत होतो. आता लिथियम आहे, ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं. इंजिन वापस मिळालं. झूल पेटीत आहे.

निवृत्त गुरुजी

वय ६८. बीपीची लघवी होणारी गोळी आधीपासून होती, त्यात ही मनाची गोळी सुरू झाली. दहा-बारा दिवसांत चालताना तोल जाऊ लागला, नातवांची नावं चुकू लागली. घरचे म्हणाले वय झालं. रक्तात सोडियम उतरलं होतं. गोळी बदलली, पंधरवड्यात नावं परत आली. म्हाताऱ्या माणसाची बडबड वयावर ढकलण्याआधी रक्त तपासा.

वर्ध्याची

माझं नाराज उत्तर आहे, चालेल ना? दोन गोळ्या झाल्या. पहिलीनं वजन सात किलो वाढलं, दुसरीनं वाढलं नाही. झोप येते, रडणं थांबलं, हातून काम होतं. पण नवऱ्याची दारू आहे तशीच आहे. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळं ती मिळतेही आणि महागही पडते. समुपदेशनाच्या ताईंना म्हटलं, गोळी मी खायची आणि पिणार तो, हा कोणता इलाज? त्या हसल्या नाहीत, खोटं काही बोलल्याही नाहीत. आता माझ्यासोबत महिन्यातून एकदा त्यालाही बोलावतात. तीनदा आला, दोनदा नाही.

धागा सुरू करणारी

चालतं ताई. तसंच लिहा.

नवीन

आज गोळी आणली. मेडिकलवाल्या भाऊंनी लिहिल्याप्रमाणे पत्ता वाचला, एकच औषध आहे त्यात. हे सगळं दोनदा वाचून झालं. अजून घेतली नाही. उपाशीपोटी घ्यायची की जेवून?

धागा सुरू करणारी

चिठ्ठीवर काही लिहिलं नसेल तर जेवून घ्या, मळमळ कमी होते. कोणती आहे? घरात कोणाला माहीत आहे का?

नवीन

एस्सिटालोप्राम, अर्धी. फक्त वहिनीला माहीत आहे. तिनं सुरीनं दोन तुकडे करून दिले, एक जरा मोठा झाला. भाकर टाकते म्हणाली. जेवतो आधी.