मदत हवी आहे: केक मध्ये बसतोय, मशिन खालून गुंता करतंय (रविवारपर्यंत!!)

घाईगडबड | बुधवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अॅडमिननी हलवावा. रविवारी लेकीचा सहावा वाढदिवस आहे आणि मी घरात सगळ्यांसमोर मोठ्या तोऱ्यात सांगून बसलेय की यंदा केकही मीच करणार आणि फ्रॉकही मीच शिवणार. दोन्ही आयुष्यात पहिल्यांदा. केक आत्तापर्यंत दोनदा केला, दोन्ही वेळा आधी मस्त टम्म फुगला आणि मग माझ्या डोळ्यादेखत मध्ये बसला. कडा कडक, वरून काळपट, मध्ये गिच्च गोळा. आणि मशिनवर दोन बोटं शिवलं की खालच्या बाजूला दोऱ्याचा असा गुंता होतो की कंगव्यातला गुंतवळ बरा, मग कापड अडकतं ते ओढूनच काढावं लागतं.

रेसिपी बरोबर आहे, तंतोतंत केलीय, त्यामुळे ते विचारू नका. फक्त काय चुकतंय ते सांगा. जरा लवकर.

पीठमळ्या | रात्री ११:०२

रेसिपी विचारू नका म्हणजे डॉक्टरकडे जाऊन दुखतंय म्हणायचं पण कुठे ते सांगायचं नाही (दिवे घ्या, म्हणजे गंमतीत घ्या). ओव्हन कुठला, तापमान किती, भांडं केवढं, किती वेळ ठेवला, अंडी घातली का? एवढं तरी सांगा.

जुना_रीळ | रात्री ११:०९

केकमधलं कळत नाही. खालून गुंता म्हणजे बॉबिनचा (खालच्या छोट्या रिळाचा) दोरा सैल. बॉबिन केसला बारका स्क्रू असतो तो पिळा घट्ट. विषय संपला.

मोहर | रात्री ११:१५

वॉव, लेकीसाठी स्वतः करताय, किती गोड! आयसिंगची टिप देते. क्रीम, भांडं आणि बीटरची पाती सगळं फ्रीजमध्ये गार करून घ्या आणि क्रीम टोकं धरायला लागलं की लगेच थांबा, नाहीतर लोणी होतं. माझं झालंय एकदा :)

निवांत_बसलोय | रात्री ११:३१

मध्येच दार उघडून बघितलंत ना? खरं सांगा.

घाईगडबड | गुरुवार, सकाळी ६:५५

@मोहर, आयसिंगपर्यंत पोचले तर नक्की :(

@पीठमळ्या, घ्या सगळं. बिनअंड्याचा. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, व्हॅनिला. मायक्रोवेव्हमध्ये केला. २०० वर. स्टीलच्या डब्यात. वेळ २५ मिनिटं.

@निवांत, दहाव्या मिनिटाला फक्त एकदा उघडलं. म्हणजे दोनदा. पण पटकन बंद केलं.

@जुना_रीळ, स्क्रू कालच पिळला होता, नवऱ्याने पण पिळला. काही फरक नाही, उलट आता दोरा तुटतोय.

उसवाउसवी | सकाळी ७:२०

अहो थांबा, स्क्रूला हात लावू नका!! खालून गुंता दिसला की सगळे खालच्या दोऱ्याला धरतात, पण दहातल्या नऊ वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा टेन्शनच्या (दोऱ्याला ओढ देणाऱ्या) चकत्यांमध्ये नीट बसलाच नसेल तर तो मोकळा सुटतो आणि सगळा खाली जाऊन गोळा होतो. आता सांगा, दोरा ओवताना पाय वर होता की खाली? (मशिनचा, कापड दाबून धरणारा दाबपाय म्हणतेय, तुमचा नाही.)

घाईगडबड | सकाळी ७:२४

खाली. वर ठेवला तर कापड हलतं ना.

उसवाउसवी | सकाळी ७:४१

सापडलं. दाबपाय खाली असला की चकत्या आवळलेल्या असतात, दोरा आत शिरत नाही, नुसता वरून घसरतो. पाय वर केला की चकत्या उघडतात, तेव्हाच ओवायचं. सगळा दोरा काढा, पाय वर करा, चाक हाताने आपल्या बाजूला फिरवून दोऱ्याचा दांडा सगळ्यात वर आणा, मग रिळापासून सुरुवात. त्या वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या छिद्रातून दोरा गेलाच पाहिजे, तो सुटला तरी हाच गुंता. नंतर पाय खाली करून दोरा हाताने ओढून बघा, पाय वर असताना सुळकन येईल, खाली असताना ओढ लागली पाहिजे. ओढ लागत नसेल तर परत ओवा. आणि शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटाने मागे धरून ठेवा, पहिले तीन-चार टाके होईपर्यंत.

स्क्रूचं: बॉबिन केस बाहेर निघणारी असेल तर बॉबिन भरून आत घाला आणि दोऱ्याच्या टोकाला धरून हवेत लटकवा. आपोआप भर्रकन खाली आली तर सैल, मनगटाला झटका दिल्यावरही हलली नाही तर घट्ट. झटक्याला थोडी घसरून थांबली की बरोबर. दोघांनी पिळलाय म्हणजे आता घट्टच असणार. उलटा फिरवा, पण अगदी घड्याळाच्या काट्याची पाच मिनिटं एवढाच, मग परत लटकवून बघा.

जुना_रीळ | सकाळी ८:१०

मी तीस वर्षं शिवतोय, मला स्क्रूनेच फरक पडलेला आहे.

उसवाउसवी | सकाळी ८:१३

काका, पडत असेल, पण आधी वरचा दोरा बघायचा की नाही?

जुना_रीळ | सकाळी ८:१६

ते तर बघायचंच असतं, ते काय सांगायला लागतं का.

दिवाकर_उवाच | सकाळी ९:०५

अवांतर: वरून एक आणि खालून एक असे दोन दोरे अडकवून होणाऱ्या टाक्याच्या मशिनचं पेटंट अमेरिकेत इलायस हाऊने १८४६ साली घेतलं. त्याच्या सुईचं छिद्र टोकाजवळ होतं, हातशिलाईच्या सुईसारखं बुडाला नाही. सिंगरचं पेटंट १८५१ चं, आणि मग दोघांची कोर्टात जुंपली. योगायोग म्हणजे बेकिंग पावडरही त्याच काळातली, इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये बायकोसाठी केली, तिला यीस्ट चालत नसे. म्हणजे धागाकर्तीच्या दोन्ही दुखण्यांची मुळं एकाच दशकातली.

निवांत_बसलोय | सकाळी ९:१२

दिवाकरपंत आले की धागा शंभरी गाठतो.

पीठमळ्या | सकाळी ९:४०

केककडे या. पहिली गोष्ट, २०० का? तुमच्याच रेसिपीत १८० असणार.

घाईगडबड | सकाळी ९:४४

होय. पण १८० ला ४० मिनिटं म्हणलं होतं, म्हणून २०० ला २५. हिशोब केला.

पीठमळ्या | सकाळी १०:०१

केक म्हणजे प्रवास नव्हे हो, वेग वाढवला की लवकर पोचाल असं नसतं. जास्त उष्णतेने कडा आणि वरचा थर आधी शिजून घट्ट होतो, मधलं पीठ तेव्हा अजून पातळच असतं. वायूमुळे ते वर चढतं पण त्याला धरून ठेवेल असा सांगाडाच तयार झालेला नसतो. त्यात दहाव्या मिनिटाला दार उघडलं, आतली गरम हवा गेली, बसला. आणि मायक्रोवेव्ह म्हणताय तर मोड कुठला? कन्व्हेक्शनच (गरम हवेचा) ना? धातूचा डबा नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर ठेवू नका, ठिणग्या उडतात. डबा उंच आहे की पसरट? मैदा कसा मोजला? कप पिठात खुपसून दाबून भरला तर एका कपात १५० ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने हलका भरून वरून सपाट केला तर १२०-१२५. वजनकाटा घ्या, कप फेकून द्या.

मोहर | सकाळी १०:२०

वजनकाट्याशिवायही होतो हं केक. माझी आई आयुष्यभर वाटीने करत आली, कधी फसला नाही.

पीठमळ्या | सकाळी १०:२६

आईची वाटी तीच, हात तोच, ओव्हन तोच. त्याला अंदाज म्हणत नाहीत, तोही वजनकाटाच झाला. नवशिक्या माणसाला वाटी सांगून काय उपयोग?

मोहर | सकाळी १०:२९

नवशिक्या माणसाला घाबरवून पण काय उपयोग?

तिसरा_डोळा | सकाळी ११:१०

एवढी साखर आणि मैदा सहा वर्षांच्या मुलीला कशाला? फळं कापून ठेवा, त्यावर मेणबत्त्या लावा.

कणीक_नको | सकाळी ११:३५

धाग्यात घुसतेय, सॉरी. माझा ब्रेड फुगतच नाही, यीस्ट नवीन आहे, उकळतं पाणी थोडं कोमट करून घालते. कोणी सांगेल का?

पीठमळ्या | सकाळी ११:४२

@कणीक_नको "थोडं कोमट" म्हणजे किती? ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. बोट बुडवून सुखाने ठेवता आलं पाहिजे.

घाईगडबड | दुपारी १२:०५

माझा धागा आहे हो हा :( 

मोड कन्व्हेक्शनच. डबा उंच, बरणीसारखा. आज सकाळी तिसरा केला, १८०, दार उघडलं नाही, देवाशप्पथ. तरी बसला! जरा कमी, पण बसला. आणि परत तीच साबणासारखी चव. साबा (सासूबाई) म्हणाल्या भांडं नीट विसळलं नव्हतंस का. मी विसळलं होतं. दोनदा.

उसवाउसवी | दुपारी १२:०८

साबणासारखी??? हे आत्ता सांगताय?

पीठमळ्या | दुपारी १२:१५

हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर आपला अख्खा दिवस वाचला असता. साबणाची चव म्हणजे सोडा जास्त. सोडा जास्त झाला की केक लवकर काळपट होतो, सुसाट फुगतो आणि बसतो. ताई, तुमचा "चमचा" कुठला? त्याचा फोटो टाका.

घाईगडबड | दुपारी १२:३१

[फोटो]

हा काय, जेवायचा. चमचा म्हणजे चमचाच ना?

निवांत_बसलोय | दुपारी १२:३३

खिक्. चमच्यानेच घात केला.

पीठमळ्या | दुपारी १२:४०

रेसिपीतला चमचा म्हणजे टीस्पून, ५ मिलीचा. टेबलस्पून १५ मिलीचा, आणि फोटोतला त्याचाच भाऊ दिसतोय. म्हणजे सोडा आणि पावडर दोन्ही तुम्ही दुपटी-तिपटीने घालताय! एक कप दह्याला अर्धा टीस्पून सोडा भरपूर झाला, त्यापलीकडचा सोडा दह्याच्या आंबटपणाने मुरत नाही, तसाच राहतो, तीच साबणाची चव. औषधाच्या बाटलीसोबत ५ मिलीची खूण असलेलं झाकण येतं, तात्पुरतं ते चालेल, मापाचे चमचे मिळाले तर उत्तम. डबा बदला, सात इंची पसरट घ्या, उंच डब्यात मधला भाग शिजायला फार वेळ लागतो. ओव्हन आधी तापवून ठेवा आणि मगच दह्यात सोडा घाला, कारण दही लागलं की सोडा लगेच काम सुरू करतो, मिश्रण कट्ट्यावर वाट बघत ठेवायचं नाही. मैदा घातल्यावर गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा. पस्तिसाव्या मिनिटाला मध्यभागी काडी घालून बघा, ओलं पीठ चिकटलं नाही की झाला.

घाईगडबड | दुपारी १२:४४

मी आयुष्यात चमच्याचा एवढा विचार केला नव्हता.

मशिन जमलं!!! पाय वर करून ओवलं आणि सुतासारखं चालतंय, @उसवाउसवी तुमच्या तोंडात साखर (टीस्पूनने). सुती कापडाच्या तुकड्यावर सरळ रेषा आली. पण फ्रॉकच्या वरच्या भागाला मधेच टाके सुटतात, चार पडले की दोन गायब. आता काय?

जुना_रीळ | दुपारी १:०२

सुई उलटी बसलीय. चपटी बाजू मागे.

उसवाउसवी | दुपारी १:१०

काका, उलटी असती तर सुती कापडावर पण टाके पडले नसते. ताई, वरच्या भागाचं कापड कुठलं?

घाईगडबड | दुपारी १:१५

नवऱ्याचा जुना टीशर्ट. मऊ आहे, तिला टोचणार नाही म्हणून. ते सांगायचं राहिलं का?

उसवाउसवी | दुपारी १:३०

हो, राहिलं :D ताणलं जाणारं कापड आहे, साध्या टोकदार सुईने टाके सुटणारच. बॉलपॉइंट सुई आणा, तिचं टोक गोलसर असतं, विणीतले धागे न तोडता मधून वाट काढते. नंबर ७५ किंवा ८०. आणि सरळ शिलाई मारू नका, डोक्यातून घालताना गळा ताणला की कटकट तुटेल, अगदी अरुंद झिगझॅग मारा. शिवताना कापड ओढायचं नाही, मशिन स्वतः पुढे नेतं, आपण फक्त दिशा दाखवायची. खालचा घेर सुती आहे ना? कापण्याआधी धुतलं होतं का? नसेल तर पहिल्या धुण्यात आटेल. माया किती ठेवलीय?

घाईगडबड | दुपारी १:३४

धुतलं नाही. माया म्हणजे?

मोहर | दुपारी १:३६

अरे देवा.

जुना_रीळ | दुपारी १:५०

शिलाईच्या बाहेर ठेवायचं जास्तीचं कापड. दीड सेंटीमीटर तरी हवं. नसेल ठेवलं तर फ्रॉक चार वर्षांच्या मुलीला होईल. बाजूला नवीन पट्टी जोडा, दुसऱ्या रंगाची घ्या, मुद्दाम केल्यासारखी दिसेल. हे मी स्वतः केलंय, नातीच्या फ्रॉकला.

उसवाउसवी | दुपारी १:५२

काकांना अनुमोदन. (तारीख लिहून ठेवा.)

घाईगडबड | रविवार, रात्री ११:१८

उशिरा लिहितेय, आत्ता पाहुणे गेले. केक बसला नाही! मध्ये एक चीर पडली पण मोहरचं क्रीम वरून लावलं, कोणाला कळलं नाही. साबांनी दुसरा तुकडा मागून घेतला आणि भांडं विसळण्याबद्दल काही बोलल्या नाहीत. फ्रॉकला दोन्ही बाजूंना पिवळ्या पट्ट्या जोडल्या, खालची दुमड शिवायला वेळच मिळाला नाही, नुसता धावदोरा घातला होता, तो नाचताना उसवला. एक टाचणी आत राहिली होती, ती नवऱ्याला सापडली. पायाला.

तिसरा_डोळा | रात्री ११:२५

फळं ठेवली होती का?

कणीक_नको | रात्री ११:४०

अभिनंदन ताई! बोट बुडवून बघितलं, पाणी बरोबर होतं, ब्रेड फुगला पण आता भाजल्यावर मध्ये बसतोय. @पीठमळ्या?

पीठमळ्या | रात्री ११:४४

वेगळा धागा काढा. आणि रेसिपी आधी लिहा.