अनुभव धागा: परदेशी शहरातलं परवडणारं हॉटेल कसं निवडावं?

नळस्टॉप: मैत्रीण आणि तिची आई पहिल्यांदाच पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, रोम अशा निघाल्यात. दोघी शाकाहारी, आईचे गुडघे दुखरे, बजेट बेताचं. हॉटेलं शोधून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. 'आम्ही गेलो तेव्हा' ही प्रवासवर्णनं नकोत. काय बघायचं, किती पैसे धरायचे आणि कुठे गाडं अडतं, तेवढं लिहा.

पौडफाटा: आधी तारखा नीट लावा. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, रात्रीचे १.३० असेल तर पुण्यातून ११ला दुपारीच निघावं लागतं, आणि त्या नादात हॉटेलही ११पासून बुक होतं. पहिल्या रात्री कुणी पोचलंच नाही तर हॉटेल 'नो-शो' लावून पुढच्या रात्रीही रद्द करू शकतं. खोली सहसा दुपारी २-३च्या आधी हातात येत नाही, म्हणून सकाळी उतरणार असतील तर बॅगा ठेवून घेतात का ते मेलवर विचारून ठेवा. छोट्या हॉटेलांचं रिसेप्शन रात्री बंद होतं, दाराचा कोड मेलवर येतो. तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवायचा, कारण दारात उभं राहिल्यावर नेट मिळेलच असं नाही.

सहकारनगरकर: स्क्रीनवरचा दर हा खरा दर नसतो. शहराचा पर्यटक कर बऱ्याचदा त्यात धरलेला नसतो, तो काउंटरवर वेगळा घेतात.

रोममध्ये तो माणशी, दर रात्री आणि हॉटेलच्या दर्जाप्रमाणे असतो. थ्री-स्टारला ६ युरो. म्हणजे दोघी, चार रात्री: ४८ युरो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये खोलीच्या व्हॅट सोडून दराच्या १२.५ टक्के. व्हॅट सोडून १२० युरोच्या खोलीवर रात्रीचे १५ युरो झाले. शिवाय २०२६पासून तिथे हॉटेलवरचा व्हॅटच ९वरून २१ टक्क्यांवर गेलाय, तेव्हा जुन्या ब्लॉगांवरचे दर विसरा. पॅरिसमध्येही माणशी, दर रात्री.

त्यामुळे तुलना करताना एक साधी एक्सेल शीट करा: खोली, कर, नाश्ता, स्टेशनपर्यंतचं भाडं. १० युरोनी स्वस्त दिसणारं हॉटेल या बेरजेत कित्येकदा महाग निघतं.

बावधन_बुद्रुक: गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर लिफ्टबद्दल. पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या इमारतींत स्वस्त हॉटेल म्हणजे अनेकदा अरुंद जिना. अ‍ॅमस्टरडॅमचे जिने तर जवळजवळ शिडीसारखे उभे. सुविधांच्या यादीत 'लिफ्ट' लिहिलेलं पुरत नाही. ती कधी अर्ध्या मजल्यावरून सुरू होते, कधी इतकी लहान की एक माणूस आणि एक बॅग. रिव्ह्यूंच्या सर्चमध्ये 'लिफ्ट', 'जिना', 'ढेकूण' हे शब्द इंग्रजीत टाका आणि नवे रिव्ह्यू आधी वाचा. सरासरी गुण बघण्यापेक्षा ५-६ गुण देणाऱ्यांचं म्हणणं वाचावं. नऊ-दहा देणारे 'स्टाफ छान' यापलीकडे फारसं सांगत नाहीत.

खोलीवर गेल्यावर बॅगा पलंगावर टाकायच्या नाहीत. आधी चादर उचलून गादीच्या शिवणी आणि पलंगाचं डोकं टॉर्चने बघायचं. काळे बारीक ठिपके (ढेकणांची खूण) दिसले तर लगेच खोली बदलून मागायची.

आणि आई-मुलीसाठी 'ट्विन' (दोन वेगळे पलंग) बुक करा. 'डबल' म्हणजे एकच पलंग, बजेट खोलीत बऱ्याचदा जेमतेम १४० सेंमी.

पौडफाटा: व्हिसाचं राहिलं. या तिन्ही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो. सगळ्या रात्रींचं बुकिंग हवं, त्यावर दोघींचीही नावं हवीत, आणि तारखा तिकीट व विम्याशी जुळायला हव्यात (विमा किमान ३०,००० युरोचा). अर्ज जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर आधी जिथे उतरणार त्याच्याकडे. म्हणून हॉटेलं ठरवतानाच रात्री मोजा. व्हिसा हातात येईपर्यंत फ्री कॅन्सलेशनवालंच बुकिंग. रद्द करायची मुदत हॉटेलच्या तिथल्या वेळेनुसार असते.

नळस्टॉप: आणि भाग कुठला बघू? तिघा एजंटांनी तीन भाग सांगितले.

सहकारनगरकर: एजंटांचं सोडा. पॅरिसमध्ये गार द्यू नॉर स्टेशनच्या आसपास खोल्या तुलनेनं स्वस्त, शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी ही लोकल ट्रेन थेट तिथे येते, आणि जवळच्या ला शापेल भागाकडे श्रीलंकन तमिळ खानावळींत डोसा-इडली मिळते. पण स्टेशनभोवती गजबज आणि पाकीटमार दोन्ही. रात्री उशिरा पोचणार असतील तर तिथे नको. रोममध्ये तेरमिनी या मुख्य स्टेशनजवळ एस्क्विलिनो भागात आपल्याकडच्या वाणसामानाची दुकानं आहेत. अ‍ॅमस्टरडॅमचा मध्यभाग सोडा. स्लोटरडाइक स्टेशनजवळ बघा, तिथून सेंट्राल हे मुख्य स्टेशन ट्रेननं पाच-सहा मिनिटांवर. नाहीतर झानडाम किंवा हार्लेम ही जवळची गावं. 'स्टेशनपासून ३०० मीटर' हे नकाशावर सरळ रेषेत असतं, तेव्हा पायी अंतर स्वतः काढा. दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं चालत नाहीत, हेही धरा.

बावधन_बुद्रुक: पैसे भरताना युरोतच भरा. 'रुपयांत द्यायचे का?' असं मशीननं विचारलं तर नाही म्हणायचं, त्यांचा विनिमय दर चढा असतो. कार्डावर २ ते ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनासाठी बँकेचा जादा आकार) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलं तर तेवढी रक्कम काही दिवस अडकून राहते.

पौडफाटा: शाकाहारी म्हणून एक. बजेट हॉटेलात किटली असेलच असं समजू नका, फिल्टरमध्ये 'किटली' टिक करा. नाहीतर नेलेले रेडीमेड पोहे-उपम्याचे पुडे तसेच परत येतील. स्वतःची इंडक्शन लावू नका, बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि धुराचा अलार्म वाजला तर दंड होऊ शकतो. लॅपटॉपची आपली तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, अ‍ॅडाप्टर लागतो. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तिन्ही शहरांत चालतो.