बुलडोझर पबवर चालला, टपरीचं काय?

टेकडीवाला
मंडळी, भाचा गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला पुण्यात आला, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. परवा त्यांच्या कॉलेजात नशामुक्तीची शपथ झाली, हात पुढे करून, मग सेल्फी स्टँड, मग सर्टिफिकेट. रात्री जेवायला घरी आला तेव्हा सहज विचारलं, काय रे, तुमच्याकडे मिळतं का हे सगळं, तर पठ्ठ्याने पोळी मोडता मोडता चार ठिकाणं सांगितली, त्यातली एक टपरी तर मी रोज जिथे चहा पितो तीच, आणि वर मलाच म्हणतो, "मामा, तुला कशाला हवंय?"

२०२४ साल आठवा जरा. फेब्रुवारीत कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचा, कारखानाच सापडला. १९ मे ला कल्याणीनगरची पोर्श गाडी, दोन जीव गेले आणि ती चालवणाऱ्या १७ वर्षांच्या पोराला जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध. जूनमध्ये एफसी रोडच्या पबमध्ये पोरं ड्रग्ज घेत असल्याचा तो व्हिडिओ आणि मग लगेच बुलडोझर, सगळ्या चॅनेलवर लाइव्ह. शेड पडल्या. पडलेली शेड परत उभी राहायला किती दिवस लागतात हे पुणेकराला सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच की महापालिकेने हातातलं काम करावं. वॉर्डातल्या दवाखान्यात आठवड्यातनं दोन दिवस समुपदेशक बसवा, मैदानं संध्याकाळी लाइट लावून उघडी ठेवा, शाळा कॉलेजच्या आसपासच्या टपऱ्यांवर कायम लक्ष ठेवा. शपथा बास झाल्या.

विमाननगरची काकू
कर्वेनगर कोथरूडात राहून बुलडोझरची चेष्टा करणं सोपं आहे हो. आमच्याकडे पहाटे तीनला बाइक रेमटवत जाणारी पोरं, सकाळी गेटबाहेर बाटल्यांच्या काचा, आणि सोसायटीच्या वॉचमनला एकदा मारलं सुद्धा. त्या कारवाईनंतर काही महिने तरी रात्री दीडच्या पुढे आम्ही झोपलो. कुणाचं हृदय परिवर्तन झालं म्हणून नाही, मालकांची टरकली म्हणून. तुमचा समुपदेशक दवाखान्यात संध्याकाळी पाचपर्यंत बसणार आणि पोरगं रात्री बारा वाजता पबच्या दारात, मग तिथे त्याला कोण अडवणार? अल्पवयीन मुलाला दारू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ती दोन चार जणांना होऊ द्या, मग बघू मैदानं आणि लाइट.

फाईलवाला
दोघंही चुकीच्या खिडकीवर उभे आहात 😄

दारूचं लायसन्स महापालिका देत नाही, ते राज्य उत्पादन शुल्क खातं. महापालिकेच्या हातात काय, तर साइड मार्जिनमधली, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेतली शेड, टेरेसवरचं बेकायदा बांधकाम, फायर एनओसी. म्हणून २०२४ ला जी कारवाई दिसली ती बांधकामावर होती. म्हणजे कागदोपत्री बघितलं तर गुन्हा पत्र्याचा निघाला, पाजल्याचा निघाला नाही. पाजल्याचं बघायचं ते खातं वेगळं, रात्रीची वेळ बघायची ते पोलीस, आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे बोट दाखवायला एक बोट कायम मोकळं. त्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच, म्हणजे ज्याच्या दारात जाऊन भांडायचं तो माणूसच नव्हता.

आणि वयाचा कायदा तर आपल्याकडे एकदम कडक आहे, बियर वाइन २१, बाकी हार्ड २५. शिवाय परमिट पाहिजे, एका दिवसाचं पाच रुपयात मिळतं. आता प्रामाणिकपणे सांगा, इथे कितीजणांनी आयुष्यात ते परमिट स्वतःच्या डोळ्याने वाचलंय?

रोखठोक पेठकर
माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून कुणाच्या तरी लाडावलेल्या पोराचं समुपदेशन कशाला? महिन्याला वीस पंचवीस हजार पाठवणारे आईबाप आहेत ना, त्यांनी बघावं. आम्ही पण हॉस्टेलला राहिलो, आम्ही नाही कुठे वाहवलो. प्रत्येक गोष्टीला महापालिका, उद्या नाक पुसायला पण महापालिका लागेल.

दिवस मोजणारा
रोखठोक काका, माझ्या बापाकडे महिन्याला पाच हजार पाठवायची पण ऐपत नव्हती, मी हडपसरला गॅरेजमध्ये कामाला होतो. सुरवात चपटीने, मग गांजा, मग मित्राने एमडी दिलं. सलग दोन दिवस जागा आणि वाटायचं की आपणच राजा. तिसऱ्या दिवशी आईच्या पर्समधून पैसे. लाडावलेला वगैरे काही नव्हतो.

आईला सगळं कळलं होतं तरी ती वर्षभर गप्प राहिली. का, तर कुठेही नाव सांगितलं की पोलीस केस होईल, पोराला आत टाकतील. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४ अ नावाचं कलम आहे, थोडा माल असलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यातून सूट मिळू शकते, हे तिला कुणी सांगायचं? शपथ देणारे साहेब सांगतात का? काकू, तुमची कारवाई पाहिजेच, पण कारवाईची बातमी टीव्हीवर आली की आमच्यासारख्यांच्या घरात दार अजून घट्ट लागतं, एवढं लक्षात घ्या.

शेवटी मावशीने येरवड्याला मुक्तांगणला नेलं. ३५ दिवस. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली सुरू केलेली जागा, पुलंनी मदत केली होती. पण खरं सांगू का, ३५ दिवस सोपे होते. अवघड होता तो छत्तिसावा, त्याच गॅरेजला, त्याच पोरांत परत जायचं तो. टेकडीवालांचा दवाखान्यातला माणूस तिथे उपयोगाचा आहे, घराजवळ, केसपेपर काढून गुपचूप भेटता येईल असा.

फाईलवाला
हे वाचून मघाचा माझा टोन चुकला असं वाटलं. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभराचा सर्व्हे केला होता, २०१९ ला त्याचा रिपोर्ट आला, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ कुठे असतात ते तुमच्या आईला माहीत होतं.

सध्या बाहेरगावी
आइसलँडचं उदाहरण देतो, शिव्या नका घालू. १९९८ ला तिथे १५-१६ वर्षांच्या पोरांतली ४२ टक्के महिन्याभरात एकदा तरी पिऊन झिंगलेली असायची, २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. काय केलं, तर दरवर्षी शाळेत मुलांनाच विचारून आकडे काढले, रात्री मुलांनी बाहेर फिरायच्या वेळेवर बंधन, पालक स्वतः गटाने गस्तीला, आणि रेक्याविक महापालिकेने प्रत्येक मुलाच्या खेळ, संगीताच्या क्लाससाठी घरच्यांना पैसे दिले. यात कडकपणा पण आहे आणि मैदान पण, म्हणजे काकू आणि टेकडीवाला दोघंही पास.

विमाननगरची काकू
अख्खा आइसलँड आपल्या हडपसर खराडीत मावेल हो. आणि तिथली मुलं आईबापाच्या घरात राहतात, इथे निम्मी पोरं लातूर, जळगाव, कुठून कुठून एमपीएससीला नाहीतर कॉलेजला आलेली, त्यांचे पालक गस्त घालायला एसटीने येणार का?

सध्या बाहेरगावी
हा मुद्दा मान्य. मग हॉस्टेल आणि कॉट बेसिसवाल्या मालकांना धरा. डिपॉझिट घेताना बरोबर नियम आठवतात त्यांना.

रोखठोक पेठकर
दिवस मोजणारा, तुझ्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण मुद्दा सोडत नाही. लोकांनी मनावर घेतलं तर कायदा आत्ताही आहे. वॉर्डातल्या २५ टक्के बायकांनी सह्या केल्या तर मतदान लावावं लागतं, आणि आडवी बाटली, म्हणजे दारूबंदीची बाजू, जिंकली की दुकान बंद. कितीजणी उतरतात? एकतीस डिसेंबरला चौकात उभं राहून दूध वाटायचं, फोटो काढायचा, घरी जायचं.

विमाननगरची काकू
सह्या गोळा करायला मी गेले होते, माहेरी, जिल्ह्यातल्या गावात. दुकान बंद झालं. ढाब्यावर मागच्या दाराने सुरू झालं. तुम्ही कधी एक सही गोळा केली आहे का?

रोखठोक पेठकर
नाही.

दिवस मोजणारा
काकू, तरीपण ते बंद केलंत ते बरंच केलंत. तलफ आली की पहिला अर्धा तास महत्त्वाचा असतो. दुकान कोपऱ्यावर असलं तर तो अर्धा तास मिळतच नाही, ढाब्यापर्यंत जावं लागलं तर कधी कधी माणूस अर्ध्यातून मागे फिरतो. मी फिरलोय दोनदा.

टेकडीवाला
हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे टपरी उठवणं आणि दवाखान्यात माणूस बसवणं या दोन वेगळ्या पार्ट्या नाहीत, मीच तसं मांडलं सुरवातीला.

विमाननगरची काकू
ते ठीक आहे. तुमच्या त्या चहाच्या टपरीचं काय केलंत? तक्रार केली का?

टेकडीवाला
चहा दुसरीकडे प्यायला लागलोय.

विमाननगरची काकू
मी तक्रारीचं विचारलं.

टेकडीवाला
नाही केली अजून. भाच्याची खोली त्याच बोळात आहे, आणि टपरीवाला आम्हा दोघांना तोंडाने ओळखतो.