मदत हवी आहे: वडिलांनंतर पीएम किसान कुणाच्या नावावर घ्यावं? आईचे लाडकी बहीणचे दीड हजार जातील का?

मांजराकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशांचा आहे आणि घरातलाही, त्यामुळे जरा लांबेल.

माहेर देगलूर तालुक्यात. चार एकर दहा गुंठे कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. सातबारा एकट्या बाबांच्या नावावर. ते जून 2025 मध्ये गेले. घरी आई (आधारप्रमाणे 63), भाऊ, वहिनी, त्यांची दोन लहान मुलं. चूल एक, पण रेशनकार्ड वेगळं. मी पुण्यात असते, आम्ही नवरा-बायको दोघंही इन्कम टॅक्स भरतो.

बाबांना 2019 पासून पीएम किसान मिळायचं, पुढे राज्याचं नमो शेतकरीही. मिळून वर्षाला बारा हजार. पुण्यात बसून हा आकडा किरकोळ वाटतो, मलाही वाटायचा. पण आमच्याकडे पेरणी म्हणजे खताच्या दुकानदाराची वही. बियाणं, डीएपी, तणनाशक, सगळं उधार. बॅगेमागं शंभर-दीडशे जास्त लागायचे, आणि सोयाबीन निघालं की त्याच्याच भावाच्या अडतीवर घालायचं, दर तो सांगेल तो. हप्ते सुरू झाल्यावर उधारी संपली नाही, पण 1350 ची पहिली डीएपीची बॅग बाबा रोख आणायला लागले. मग हळूहळू वही पातळ झाली, आणि शेवटची दोन वर्षं त्यांनी माल दुसऱ्या अडतीला घातला. आमच्या घरात ती मोठी बातमी होती.

अर्थात हप्ता कधी पडेल याचा नेम नाही. यंदाचा 2 ऑगस्टला पडला, पेरणी केव्हाच झाली होती, आणि बाबाही नव्हते. भावानं एटीएमनं काढून फवारणीला वापरला. 19 नोव्हेंबरचा आलाच नाही.

आईचं वेगळं. लाडकी बहीणचे पहिले तीन हजार ऑगस्ट 2024 मध्ये आले, राखीपौर्णिमेच्या तोंडावर. तिनं तीन महिने हात लावला नाही, सरकार परत घेईल म्हणून. मग देगलूरला जाऊन चष्मा केला. पुढे साठवून एक गाभण शेळी घेतली, कुणाला न विचारता. आईनं आधी वस्तू आणली आणि नंतर घरात सांगितलं, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. बाबा दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी स्वतःच शेळीला पाला घेऊन आले.

आता अडचण. जमीन आईच्या नावावर झाली आणि तिला बारा हजार सुरू झाले, तर लाडकी बहीणचे दीड हजार न मिळता महिन्याला फक्त पाचशे मिळतील म्हणे. म्हणजे 12,000 आणि 6,000, एकूण 18,000. आजही तिला वर्षाचे 18,000 च मिळतात! भाऊ म्हणतो, मग जमीन माझ्या नावावर करा, घरात 30,000 येतील. त्यासाठी आईनं आणि मी हक्कसोड द्यावं. हिशेब चुकीचा नाही, भाऊही वाईट नाही. पण बारा हजारांसाठी आईनं चार एकरांवरचं नाव सोडायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. आई म्हणते, "माझं म्हयन्याचं बंद करू नका, बाकी काय बी करा."

हक्कसोड न करता भावाला पीएम किसान मिळेल का? आणि ऑगस्टच्या त्या दोन हजारांचं काय करायचं?

फेरफार_वाचक

ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. वारस नोंद ही हक्काची बाब आहे, पीएम किसान ही योजना. योजनेसाठी हक्क सोडू नका. हक्कसोड एकदा नोंदणीकृत झालं की परत फिरवणं जवळजवळ अशक्य.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) किंवा ई-हक्क प्रणालीतून करा. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा) जोडा. वर्दी, म्हणजे वारसाची खबर, तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी फेर, म्हणजे नावातला बदल, मंजूर करतात. आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांची नावं लागतील.

1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर आलेल्याला पीएम किसान मिळत नाही, पण वारसानं आलेली जमीन त्याला अपवाद आहे. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (18 वर्षांखालची) मुलं. म्हणजे भाऊ त्याच्या कुटुंबापुरता वेगळा अर्ज करू शकतो, सातबारा सामाईक असला तरी. आमच्या गावात सामाईक खात्यावर दोघा भावांना वेगवेगळे हप्ते येतात. नवीन नोंदणीला फार्मर आयडी लागतो, तो सातबारावर नाव लागल्यावरच निघेल. तुम्ही टॅक्स भरता, तुमचा प्रश्नच नाही.

ऑगस्टचे दोन हजार परत करा. पोर्टलवर परताव्याची सोय आहे. मृत्यूनंतर नमोचाही हप्ता पडला असेल, तर तोही कसा भरायचा ते कृषी कार्यालयात विचारून घ्या. वसुली निघाली की ऐन अर्जाच्या वेळी आडवी येते.

वैतागलेला_शेतकरी

चर्चा छान आहे. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5328. मी 4100 नं दहा क्विंटल विकलं. तोटा 12,280. म्हणजे वर्षाचे दोन्ही सन्मान निधी एका ट्रॅक्टर ट्रॉलीत गेले. वर सन्मान कसला ते मला कुणी समजावून सांगा.

मांजराकाठची

@वैतागलेला_शेतकरी, खरं आहे. बाबाही हेच म्हणायचे, आणि हप्ता पडला की नाही हे बघायला सकाळी बँकेत पहिले जायचे.

@फेरफार_वाचक, फार आभार. सामाईकवर वेगळा अर्ज चालतो हे माहीतच नव्हतं.

मदनूरवाला

मी तुमच्या पलीकडचा, तेलंगणातला. आमच्याकडे 2018 ला रैतू बंधू आलं, एकरी चार हजार, मग पाच हजार, दर हंगामाला. आता रैतू भरोसा, एकरी सहा. तुमच्याकडचे लोक हेवा करतात. पण पैसा जमिनीच्या पासबुकात नाव असेल त्यालाच. कौलानं कसणारा घाम गाळतो, मालक हैदराबादेत हप्ता घेतो. आमच्या घरात वडिलांनी सगळी जमीन मोठ्या भावाच्या नावावर केली होती, व्यवहाराला सोपं म्हणून. आईला औषधाला पैसे मागावे लागतात. कागदावरचं नाव सोडू नका.

सेविका_नांदेड

मी अंगणवाडी सेविका आहे, लाडकी बहीणचे अर्ज मीच भरलेत. सगळे आजचा हिशेब करताय. लाडकी बहीण 65 वर्षांपर्यंतच आहे. तुमच्या आई 63 च्या, म्हणजे दीड हजार फार दिवसांचे नाहीत. पीएम किसानला वयाची वरची अट नाही. आज हक्कसोड दिलं तर 65 नंतर त्यांच्या हातात काय राहील? नाव सातबारावर राहिलं, तर तेव्हा त्या स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतील. आत्ता फक्त भावानं अर्ज करावा. आईंनी घाईनं अर्ज केला तर दीड हजाराचे पाचशे होतील, मग माझ्याकडे येऊन रडू नका.

आणि हो, ई-केवायसीला पतीचं आधार विचारतात. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडीत दिली का?

मांजराकाठची

सेविकाताई, दाखला दिलाय. 65 चं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. भाऊ रविवारी येतोय, त्याला हा धागाच वाचून दाखवते.

मांजराकाठची (तीन आठवड्यांनी)

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: वारस नोंदीचा अर्ज दिला, नोटीस निघाली, तिघांची नावं आहेत. ऑगस्टचे दोन हजार भरले. भाऊ कुरकुरला, पण भरले त्यानंच. हक्कसोडचा विषय तूर्त बंद आहे. कायमचा बंद झाला असं मी म्हणणार नाही, वहिनीचा चेहरा मी पाहिला आहे. शेळीला दोन करडं झाली.

आईला 65 चं समजावलं, तर तिनं आधार कार्ड पुढं केलं. त्यावर जन्मतारीख 1 जानेवारी 1962. "ही कुणी घातली?" "मास्तरनं, अंदाजानं." 1972 च्या दुष्काळात ती मोठ्या बायकांबरोबर रोजगार हमीवर खडी फोडायला जायची असं सांगते. तेव्हा ती दहा वर्षांची असेल असं मला काही वाटत नाही. तुझी खरी तारीख शोधायची का, असं विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, मास्तर शानाच होता."